अंदाज आणि शब्द

पुरणपोळ्यांना किती वेळ लागेल, असे घरातल्या जाणत्या बाईला विचारले तर ‘त्यात काय, आत्ता होतील’ असे उत्तर येते. हे उत्तर खोटे नसते. तिच्या हातून त्या खरोखरच तेवढ्यात होतात. डाळ सकाळीच शिजायला टाकली, पुरण आटत आणले, ते वाटून घेतले, कणीक तिंबून मुरत ठेवली, ह्या गोष्टी ती हिशेबात धरीत नाही. कारण त्या करीत असताना आपण काही करीत आहोत असे तिला वाटतच नाही. तेच काम नवी सून हाती घेते. पुरण सैल होते, पोळी लाटताना फाटते, तव्यावर फुटते, आणि पाने मांडायला दोन वाजतात. मग उशिराचा दोष कोणाच्या पदरी पडतो? ‘आत्ता होतील’ म्हणणारीच्या पदरी तो कधीच पडत नाही. तिच्या बोलण्याला तिच्या हाताची साक्ष असते. तो जातो सुनेच्या पदरी, आणि विशेष म्हणजे सुनेलाही तो आपलाच वाटतो.

ह्या साध्या प्रसंगात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. एखाद्या कामाला किती श्रम पडतील हे सांगण्याचा अधिकार आपण त्या कामातल्या जाणकाराला देतो. तो द्यावा हे उघडच आहे. न जाणणाऱ्याला विचारून काय मिळणार? परंतु काम जाणणे आणि कामाच्या श्रमांचे माप सांगता येणे ह्या दोन शक्ती एकच आहेत काय? की जाणतेपण जसजसे वाढत जाते तसतसे श्रमांचे माप हातून निसटत जाते? आणि तसे असेल, तर जाणकाराने दिलेल्या अंदाजाची जबाबदारी कोणाची?

घरात ह्या प्रश्नाची किंमत एका दुपारच्या जेवणाइतकी असते. सॉफ्टवेअरच्या जगात मात्र ह्याच प्रश्नाने शेकडो माणसांच्या आयुष्यातील वर्षे गिळलेली आहेत. त्या जगात कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी ‘एस्टिमेट’ द्यावे लागते: किती माणसे, किती महिने, किती पैसे. ते देतो बहुधा एखादा जुनाजाणता माणूस. प्रत्यक्ष काम करतात ते बहुधा दुसरेच, वयाने आणि अनुभवाने लहान असलेले लोक. गोष्ट पुरणपोळीचीच आहे. फक्त स्वयंपाकघर मोठे आहे, आणि पंगतीला बसलेला पाहुणा खिशात करारपत्र घालून आलेला आहे.

*

गवंड्याला भिंतीचा अंदाज विचारला तर तो सहसा फार चुकत नाही. कालची भिंत आणि आजची भिंत पुष्कळशी सारखी असते, आणि कालच्या भिंतीला किती दिवस लागले हे त्याला ठाऊक असते. सॉफ्टवेअरमध्ये कालची भिंत आज पुन्हा बांधावी लागतच नाही. एकदा लिहिलेल्या प्रोग्रॅमची नक्कल क्षणात निघते. तिला श्रम पडत नाहीत. याचा अर्थ असा की, जे तंतोतंत ठाऊक आहे ते काम म्हणून शिल्लकच राहत नाही. शिल्लक राहते ते पूर्वी तसेच्या तसे कोणी न केलेले. नवेपणाचा हा अंश कुठे थोडा असेल, कुठे फार. पण श्रम जातात ते त्या अंशावरच. अशा धंद्यात जाणकाराचे जाणतेपण असते मागच्या प्रश्नांविषयीचे, आणि अंदाज विचारला जातो पुढच्या प्रश्नाविषयीचा. मागचे ज्ञान पुढच्या कामाला उपयोगी पडते ह्यात शंका नाही. ते काम करायला उपयोगी पडते. काम किती आहे हे सांगायला तितकेच उपयोगी पडेल असे मात्र नाही.

ह्या धंद्याला आत्मपरीक्षण करायला लावणाऱ्यांत फ्रेडरिक ब्रूक्स ह्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाचे नाव पहिल्याने घ्यावे लागेल. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएम कंपनीने ‘सिस्टिम/३६०’ ही संगणकांची मालिका जाहीर केली. त्या यंत्रांचा सगळा कारभार पाहणारा जो मूळ प्रोग्रॅम, ‘ओएस/३६०’, तो ब्रूक्सच्या देखरेखीखाली लिहिला जात होता. तो लांबला, आणि खर्च अंदाजाच्या पलीकडे गेला. १९६३ ते १९६६ ह्या काळात त्यावर सुमारे ५,००० मनुष्यवर्षे खर्ची पडली असावीत, असा ब्रूक्सचाच हिशेब आहे. ज्यांनी हे काम केले ते त्या काळातले जगातले उत्तम जाणकार होते. अज्ञानाने हा उशीर झाला असे कोणालाही म्हणता येणार नाही.

पुढे १९७५ साली ब्रूक्सने ‘द मिथिकल मॅन-मंथ’ ह्या पुस्तकात ह्या अनुभवाची झडती घेतली. उशीर झालेल्या कामावर आणखी माणसे नेमली की उशीर वाढतोच, हे त्यातले सूत्र सर्वत्र प्रसिद्ध आहे. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचाच वेळ जातो, आणि माणसे वाढली की आपसातली बोलणी त्याहून वेगाने वाढतात. परंतु त्याने सांगितलेली दुसरी एक गोष्ट मला अधिक खोल वाटते. सुताराला लाकडातली गाठ अडवते, पाथरवटाला दगडाची शीर अडवते. द्रव्याचा हा विरोध त्यांना रोज नम्र करीत असतो. प्रोग्रॅमरचे द्रव्य म्हणजे निव्वळ विचार. ते आपल्याला अडवील असे त्याला वाटतच नाही, म्हणून तो स्वभावतः आशावादी होतो. पण गाठी विचारातही असतात, आणि स्वतःच्या विचारातली गाठ माणसाला हाताला लागेपर्यंत दिसत नाही. ब्रूक्स आणखी सांगतो की, रचनाकाराची पहिली रचना जपून केलेली असते. सर्वांत धोक्याची असते ती दुसरी. पहिलीच्या यशाने हात सैल होतो, आणि त्या वेळी बाजूला ठेवलेल्या सगळ्या हौशी दुसरीत येऊन बसतात. म्हणजे धोका अज्ञानाच्या टोकाला जितका आहे तितकाच तो ज्ञानाच्या पहिल्या पायरीवरही आहे.

*

जाणतेपण श्रमांचे माप का बिघडवते? माझ्या मते ह्याचे मुख्य कारण विस्मरण हे आहे. शिकणे पूर्ण झाले ह्याची खूणच ही की, शिकताना पडलेले कष्ट आठवेनासे होतात. सायकल येणाऱ्याला न येण्याची अवस्था आठवून सांगता येत नाही. लिहिता-वाचता येणाऱ्याला अक्षर म्हणजे नुसत्या रेघोट्या होती तो काळ कल्पनेतही उभा करता येत नाही. ज्ञान मिळते तेव्हा अज्ञान नाहीसे होते, एवढेच आपण लक्षात घेतो. अज्ञानाची आठवणही त्याबरोबर नाहीशी होते हे आपल्या ध्यानात येत नाही.

पामेला हिंड्झ ह्या अमेरिकन संशोधिकेने १९९९ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. मोबाइल फोन तेव्हा नवी वस्तू होती. तो वापरण्यात तरबेज असलेल्यांना आणि मध्यम अनुभव असलेल्यांना तिने विचारले की, अगदी नवख्या माणसाला अमुक एक काम साधायला किती वेळ लागेल. तरबेज माणसांचे अंदाज मध्यम अनुभवाच्या माणसांपेक्षा अधिक चुकले. नवख्याला प्रत्यक्ष लागला त्याहून फार कमी वेळ त्यांनी सांगितला. त्याहून उद्बोधक गोष्ट पुढेच आहे. तुम्ही स्वतः शिकत होता तेव्हा काय काय अडले होते ते आठवा, असे त्यांना सुचवून पाहिले, तरी त्यांच्या अंदाजात फारसा फरक पडला नाही. आठवण करून देण्यासाठी आधी आठवण शिल्लक असावी लागते.

ह्याहून विलक्षण हकीकत डॅनियल कानमन ह्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या २०११ सालच्या ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’ ह्या पुस्तकात सांगितली आहे. ती सॉफ्टवेअरची नाही. १९७०च्या दशकात इस्रायलमध्ये शाळांसाठी एक पाठ्यपुस्तक आणि अभ्यासक्रम तयार होत होता, त्याची आहे. मंडळात सीमूर फॉक्स हे अभ्यासक्रम-रचनेतले तज्ज्ञ होते. काम सुरू होऊन वर्ष झाले होते. सर्वांनी आपापला अंदाज कागदावर लिहिला. सगळे अंदाज दीड ते अडीच वर्षांच्या आत होते, फॉक्स ह्यांचाही. मग कानमनने फॉक्स ह्यांना विचारले की, अशीच कामे करणारी इतर मंडळे तुम्ही पाहिली आहेत, त्यांना किती काळ लागला? फॉक्स काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, सुमारे ४० टक्के मंडळांचे काम कधी पुरेच झाले नाही. ज्यांचे झाले त्यांना ७ ते १० वर्षे लागली. आणि आपले मंडळ त्यांच्या तुलनेत सरासरीहून किंचित खालचेच आहे, अशीही पुस्ती त्यांनी जोडली. तरीही काम तसेच चालू राहिले, आणि ८ वर्षांनी संपले. तोवर त्याची गरज ज्यांना होती त्यांचा उत्साह मावळला होता.

एकाच डोक्यात दोन्ही गोष्टी होत्या: दीड-अडीच वर्षांचा अंदाजही होता, आणि सात-दहा वर्षांची नोंदही होती. त्यांची एकमेकींशी भेट झाली नव्हती. आपल्या कामाकडे आपण आतून पाहतो. त्याच्या पायऱ्या मोजतो, आणि प्रत्येक पायरीवर आपण न अडखळता चढलो असे चित्र पाहतो. दुसऱ्यांच्या कामाकडे बाहेरून पाहतो, तेव्हा अडखळणेच दिसते. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे. पण शीत त्याच भांड्यातले हवे, आणि तज्ज्ञ माणूस पुष्कळदा आपल्या आठवणीतल्या सर्वांत मऊ शिताकडे पाहून सगळ्या भाताचा निर्वाळा देतो.

*

इथपर्यंत प्रश्न बुद्धीचा आहे. परंतु तो तेवढाच राहत नाही. अंदाज चुकणे हे मनुष्यस्वभावातच आहे, असे म्हणून सोडून देता आले असते, जर अंदाज हा अंदाज म्हणूनच ऐकला गेला असता तर. तसे होत नाही. मराठीत आपण वचनाला ‘शब्द’ म्हणतो. ‘त्याने शब्द दिला’ म्हटले की आणखी काही सांगावे लागत नाही. अंदाज आणि शब्द ह्यांत जे अंतर आहे ते बोलणाऱ्याच्या मनात स्पष्ट असते, ऐकणाऱ्याच्या मनात नसते. नवशिक्या माणसाने ‘तीन महिने लागतील’ म्हटले तर तो अंदाज ठरतो. हेच जाणकाराने म्हटले की त्याचा शब्द होतो. जाणतेपणाची प्रतिष्ठाच अंदाजाला शब्दाचे वजन देते. ज्याच्या अंदाजात विस्मरणाचा दोष अधिक, त्याच्याच अंदाजाला वजन अधिक, अशी ही विचित्र व्यवस्था आहे.

आणि ही व्यवस्था केवळ सांगणाऱ्याने निर्माण केलेली नाही; ऐकणाराही तिचा भागीदार आहे. सॉफ्टवेअरच्या अंदाजांचा दीर्घकाळ अभ्यास करणारे नॉर्वेचे मॅग्ने यॉर्गेन्सेन ह्यांनी दाखवून दिले आहे की, आपल्या अंदाजाच्या वरखालच्या सीमांविषयी ९० टक्के खात्री आहे असे सांगणाऱ्या व्यावसायिकांची प्रत्यक्ष कामे साधारण ६० ते ७० टक्के वेळाच त्या सीमांत बसतात. त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून असेही दिसले की, जो अरुंद सीमा सांगतो तो व्यवस्थापकांना अधिक जाणकार वाटतो. जो रुंद सीमा सांगतो, ‘चार महिने ते दहा महिने, काहीही लागू शकतील’ असे म्हणतो, त्याला काम ठाऊक नाही असा ग्रह होतो. खरे बोलणारा अडाणी ठरावा आणि खोटी खात्री देणारा तज्ज्ञ ठरावा, असा हा बाजार आहे. अशा बाजारात सत्य सांगायला ज्ञानाहून अधिक काही लागते. तिथे धैर्य लागते.

ब्रूक्सने ह्याचे एक चित्र ठेवले आहे. ओएस/३६०च्या वेळी रचनेचा आराखडा लिहिण्याचे काम होते. रचनाविभागाच्या प्रमुखाकडे दहा निवडक माणसे होती. तो म्हणाला, आम्ही हे दहा महिन्यांत चांगले करू. म्हणजे ठरलेल्या मुदतीपेक्षा तीन महिने उशीर. दुसऱ्या विभागाच्या प्रमुखाकडे दीडशे माणसे होती. तो म्हणाला, माझी माणसे नाहीतरी दहा महिने हातावर हात ठेवून बसतील. आम्ही मुदतीतच करतो. ब्रूक्सने काम दीडशे माणसांना दिले. उशीर झाला तो तीन महिन्यांचाच, आणि आराखडा इतका विस्कळीत उतरला की पुढे चुका काढण्यात त्याच्या मते आणखी एक वर्ष वाया गेले. दहा माणसांच्या प्रमुखाचे सगळे म्हणणे खरे होते, हे त्याने मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. जाणकाराने खरे सांगितले होते. ते ऐकण्याची तयारी नव्हती.

*

म्हणून ह्या प्रश्नाचे उत्तर गणितात शोधून भागणार नाही. सूत्रांनी अंदाज बांधण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. बॅरी बोएम ह्यांचे १९८१ सालचे सूत्र त्यांत विशेष मान्यता पावले. परंतु सूत्राला जे आकडे पुरवावे लागतात, कामाचा आकार, माणसांची कुवत, ते शेवटी कोणा जाणकाराच्या अंदाजानेच पुरवावे लागतात. यॉर्गेन्सेन ह्यांनी २००४ साली उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा सूत्रे ही तज्ज्ञांहून सरस ठरतात असे म्हणायला आधार सापडला नाही. जाणकाराला बाजूला सारून चालणार नाही. त्याच्याकडून कोणत्या आचरणाची अपेक्षा करावी, एवढाच प्रश्न उरतो, आणि तो नीतीचा प्रश्न आहे.

चुकीच्या अंदाजाची किंमत कोण मोजतो? मुदत सरत आली आणि काम निम्म्यावर असले, तर करारपत्रातली तारीख सहसा हलत नाही. हलतात त्या काम करणाऱ्यांच्या झोपेच्या वेळा. पुण्याच्या हिंजवडीत किंवा बंगळुरात रात्री उशिरापर्यंत दिवे जळताना दिसतात, तेव्हा त्यांतले काही दिवे तरी एखाद्या अनुभवी माणसाने महिन्यांपूर्वी एका बैठकीत सहज उच्चारलेल्या आकड्याने पेटवलेले असतात. तो माणूस दुष्ट नसतो. त्याने आपल्या हाताकडे पाहून आकडा सांगितला, आणि काम दुसऱ्याच्या हातांनी झाले. पण त्या दुसऱ्याला, बावीस-तेवीस वर्षांच्या त्या मुलाला किंवा मुलीला, हे ठाऊक नसते. एवढा मोठा माणूस पंधरा दिवस म्हणतो आणि मला महिना लागतो, त्याअर्थी कमी मीच आहे, असे तो समजतो. वेळ गेला तो भरून काढता येईल. स्वतःच्या कुवतीविषयी मनात बसलेला हा खोटा निवाडा लवकर पुसला जात नाही. दुसऱ्याचे पैसे खर्च करताना आपण दोनदा विचार करतो. दुसऱ्याचे दिवस खर्च करताना तेवढाही विचार होत नाही, कारण ते खर्च करीत असताना आपण केवळ ‘अंदाज सांगत’ असतो.

ह्यावर एक वजनदार आक्षेप येऊ शकतो. अडचणी सगळ्या आधी कळल्या असत्या, तर जगातली किती कामे सुरू झाली असती? अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हिर्शमन ह्यांनी १९६७ साली हाच विचार मांडला होता. अडचणी झाकून ठेवणारा एक अदृश्य हात असतो, असे ते म्हणत. त्याच्या कृपेने माणूस कामात उतरतो, आणि एकदा उतरला की स्वतःलाही ठाऊक नसलेली कल्पकता उपयोगात आणून पैलतीर गाठतो. ह्या म्हणण्यात तथ्य आहे. सिडनीचे ऑपेरा हाउस सत्तर लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांत होईल असा सुरुवातीचा अंदाज होता; १९७३ साली ते उघडले तेव्हा खर्च दहा कोटींवर गेला होता. खरा आकडा आधी कळता तर ती वास्तू कदाचित उभीच राहिली नसती. परंतु ह्या युक्तिवादात कर्ता आणि फसलेला हे एकच आहेत असे गृहीत धरलेले आहे. स्वतःच्या श्रमांविषयी माणसाने स्वतःला थोडे फसवले, तर त्याला साहस म्हणावे. गिर्यारोहक, कवी, नवा धंदा काढणारा, सगळेच तसे करतात. दुसऱ्याच्या श्रमांविषयी स्वतःला फसवणे ह्याला साहस म्हणता येत नाही. झाकणारा हात एकाचा आणि पोहून पार जाणारे हात दुसऱ्याचे असले, तर त्या हाताची कृपा कोणाला लाभली हे विचारावेच लागते.

*

मग जाणकाराने काय करावे? मौन पाळावे असे मला वाटत नाही. अंदाज विचारणाऱ्याची गरज खरी असते. त्यालाही आपले पैसे, आपली माणसे, आपली दिवाळी-पाडव्याची गणिते बसवायची असतात. ‘सांगता येत नाही’ असे म्हणून हात झटकणे हाही जबाबदारी टाळण्याचाच एक प्रकार आहे.

पहिली गोष्ट, आकडा सांगताना तो कोणाच्या हातांचा आहे हे सांगावे. ‘मला दहा दिवस लागतील’ आणि ‘दहा दिवस लागतील’ ह्या दोन वाक्यांत एकाच शब्दाचा फरक आहे; त्या एका शब्दात पुष्कळ न्याय आहे. दुसरी गोष्ट, आपल्या आठवणीवर विसंबू नये. मागच्या कामांना प्रत्यक्ष किती काळ लागला ह्याची नोंद ठेवावी आणि आकडा उच्चारण्यापूर्वी ती उघडावी. फॉक्स ह्यांच्यापाशी ज्ञान होते. कोणी तरी ते विचारावे लागले. ज्याला कोणी विचारणारे नाही त्याने तो प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय लावून घेतली पाहिजे. तिसरी गोष्ट, ज्याला काम करायचे आहे त्याला आधी बोलू द्यावे. सॉफ्टवेअरच्या लोकांनी ह्यासाठी एक चांगली रीत शोधून काढली आहे. २००२ साली जेम्स ग्रेनिंग ह्यांनी ती मांडली: सर्वांनी आपापला आकडा पत्त्यावर लिहिल्याप्रमाणे पालथा ठेवायचा आणि एकाच वेळी उघडा करायचा, ज्यांचे आकडे सर्वांत दूर, त्यांनी आपली कारणे सांगायची. खेळासारखी दिसणारी ही रीत वस्तुतः ज्येष्ठांच्या दडपणावरचा उतारा आहे. सर्वांत लहान मुलाचा पत्ता वीस म्हणतो आणि सर्वांत मोठ्याचा पाच म्हणतो, तेव्हा चुकीचा कोण हे अजून कोणालाच ठाऊक नसते. त्या क्षणापुरते का होईना, दोघांना एकमेकांचे ऐकावे लागते.

आणि ऐकणाऱ्यांनी, म्हणजे अंदाज मागणाऱ्या आपण सगळ्यांनी, एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. रुंद सीमा सांगणाऱ्याला अडाणी समजू नये. डॉक्टर, वकील, घर बांधणारा, कोणीही असो. जो ‘इतके ते इतके’ असे सांगतो तो आपले अज्ञान लपवत नसतो, आपल्या ज्ञानाची कड कुठे आहे ते दाखवीत असतो. ती कड दाखवता येणे हेच ज्ञानाचे उंच टोक आहे.

विनय हा स्वभावाचा गुण आहे असे आपण मानत आलो. काहींच्या ठायी तो असतो, काहींच्या ठायी नसतो, आणि नसला तरी विद्वत्तेला बाध येत नाही असे समजतो. अंदाजाच्या ह्या प्रश्नाने मला वेगळे वाटू लागले आहे. जाणकाराचा विनय हा अचूकतेचाच भाग आहे. तो नसला की आकडाच चुकतो. आणि आकडा तरीही चुकेल, कारण पुढचे कोणालाच दिसत नाही. पण ज्याच्या हातांनी काम व्हायचे त्याला विचारून तो आकडा ठरला असेल, तर चुकलेल्या आकड्याचे ओझे दोघांनी मिळून वाहायचे असते, आणि रात्री जागताना त्या मुलाला आपण एकटेच अपराधी आहोत असे वाटत नाही.